कळफलकाचा डावा अर्धा

दहा मिनिटांचा उतारा हेमांगी मगदूमनं सहा मिनिटांत हातावेगळा केला आणि खुर्ची मागं सरकवली. मिरजेच्या तपासणी केंद्रात त्या सकाळी अकरा जण सनद नव्यानं करून घ्यायला आले होते. बाकीचे दहा अजून कागदाला नाक लावून बसलेले. त्यातल्या प्रत्येकाचं किती झालंय, हे तिनं कुणाकडेच न पाहिल्यासारखं करून पाहून घेतलं. टाइप करताना आजची टकटक जरा विरळ वाटली होती खरी, पण खोलीत एसीची घरघर होती, त्यामुळे तिनं मनावर घेतलं नाही.

परीक्षेत पडदा झाकलेला असतो, हातांनी काय उमटतंय ते डोळ्यांना दिसू देत नाहीत. तपासनीस फिरदौस नदाफ आली. तिशीची पोरगी, कामाला चोख. तिनं पडद्यावरचं झाकण उचललं आणि ते हातात धरून तशीच उभी राहिली.

"काकू," ती म्हणाली. ऑफिसात 'मॅडम' म्हणायचा दंडक ती विसरली होती. "हे काय?"

यंदा नियम बदलून उतारा मुद्दाम निरर्थक दिला होता. कागदावर होतं, 'कीबे तागु रोपी हेलू'. पडद्यावर आलं होतं, 'कब तग रप हल'. ओळीमागून ओळ, पानभर तसंच. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. कुणीतरी कुंचा घेऊन अक्षरांच्या आजूबाजूचं सगळं झाडून नेल्यासारखं.

मराठी कळफलकावर ही स्वरांची चिन्हं डाव्या हाताला असतात आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. म्हणजे उजव्या हातानं आपलं काम चोख केलं होतं. डाव्यानं सहा मिनिटांत एकही कळ दाबली नव्हती.

हेमांगी म्हणाली, वायर सुटली असेल. तिचा कळफलक घरी बनवलेला, दोन तुकड्यांचा होता. दोन अर्धे, मध्ये एक वायर. फिरदौसनं वायर पाहिली. घट्ट होती. मग तिनं हेमांगीला स्वतःचं नाव टाइप करायला सांगितलं. 'हेमांगी सन्मती मगदूम' असं सगळ्या काना-मात्रांसकट लख्ख उमटलं. हेमांगीनं श्वास सोडला. पण फिरदौसची नजर पडद्यावर नव्हतीच.

तिनं हेमांगीचा डावा हात मनगटाला धरून अलगद उचलला, तिच्याच मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "आता नुसत्या उजव्यानं. तेच नाव."

हेमांगीनं उजव्या हाताच्या कळा दाबल्या. पडद्यावर आलं, 'हेमांगी सन्मती मगदूम'. कळफलकाचा डावा अर्धा टेबलावर एकटा पडलेला होता, त्यावर कुणाचंही बोट नव्हतं, आणि त्यातून टकटक आवाज येत होता.

खोलीतल्या दहाही जणांचं टायपिंग थांबलं.

*

ही सनद काय चीज होती ते सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी यंत्रं सगळंच लिहायला लागली. पत्रं, निकाल, खरेदीखतं, मृत्युपत्रं. सही नकलता येई, अंगठा नकलता येई, साक्षीदाराचा बोलताचालता चेहराही बनवता येई. माणसाच्या नकळत त्याचं घर विकलं जाऊ लागलं, तेव्हा कायदा आला की मालमत्तेचा दस्त सनदधारक माणसानं स्वतःच्या हातांनी टाइप केलेला हवा, आणि त्या हातांचा पुरावा दस्तासोबत जोडलेला हवा.

पुरावा म्हणजे टाइप करण्याची चाल. एका कळेवरून दुसरीवर जायला लागणारा वेळ, कळ किती काळ दबून राहिली, दुपारनंतर किती मंदावली, हे प्रत्येकाचं निराळं असतं. त्यात सगळ्यात किमती गोष्ट म्हणजे थबक. डावा हात अडखळला की उजवा सेकंदाच्या विसाव्या भागाइतका थबकतो, कारण दोन्ही हातांचा धनी एकच मेंदू असतो. यंत्रांना अक्षरं जमली, पण ही थबक जमेना. या सगळ्याचा मिळून जो आलेख निघे, त्याला लयठसा म्हणत.

त्यामुळे बंद पडलेले टायपिंग क्लास पुन्हा उघडले आणि हेमांगीसारख्या बायकांना, ज्यांना आधी यंत्रांनीच घरी बसवलं होतं, दारावर पाटी लावण्याचे दिवस आले. मिरजेत तेवीस सनदधारक. त्यात पहिल्या प्रतीचा लयठसा दोघांचाच. दुसरा कोण, हे हेमांगी विचारल्याशिवाय सांगत नसे.

दोन वर्षांपूर्वी तिचा डावा हात मनगटापासून खांद्यापर्यंत दुखायला लागला. तिचा नवरा सन्मती हार्मोनियम दुरुस्त करणारा. जुन्या पेट्यांचे तुटके भाग आता कुठं मिळत नाहीत म्हणून त्यानं थ्रीडी प्रिंटर घेतलेला होता, तो या कामाला लागला. परातभर कणीक मळली, हेमांगीनंच मळली, कारण तेव्हा कणीक तीच मळायची. त्यात तिनं दोन्ही पंजे दाबले. तो ठसा मोजून सन्मतीनं मक्यापासून बनलेल्या प्लास्टिकच्या तारेतून थर चढवत दोन सांगाडे छापले. प्रत्येक बोटाच्या लांबीप्रमाणे कळांची वेगळी रांग, करंगळीच्या कळा खाली सरकवलेल्या, आणि दोन्ही अर्धे खांद्यांइतके लांब ठेवायचे, म्हणजे मनगटं वाकत नाहीत. पहिला सांगाडा पापडासारखा वाकला. तिसऱ्याला चीर गेली. पाचवा बसला. प्रत्येक कळेखाली एक लोहचुंबक आणि कळ किती खाली गेली ते मोजणारा एक सूक्ष्म भाग होता, त्यामुळे कळ किती दाबली की अक्षर उमटायचं, हे स्क्रूला हात न लावता ठरवता येई. कळा त्यानं पेटीच्या पट्ट्यांच्या कानशीनं घासून दिल्या.

शेजारच्या बायका हसल्या. म्हणाल्या, टेबलावर दोन चपला काढून ठेवल्यासारखं दिसतंय. पण सहा महिन्यांत दुखणं थांबलं. हेमांगीनं ते ब्राह्मणपुरीपासून स्टेशनापर्यंत सगळ्यांना सांगितलं.

*

घरी परतताना ती रिक्षात बसली आणि डावा हात पर्सवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. आपला हात इतका वेळ आपण कधी पाहिलेला नाही, असं तिला वाटलं. अंगठ्याच्या बुडाशी मांस उरलेलं नव्हतं, तिथं खड्डा पडला होता.

हेमांगी माणसांच्या वागण्याची मनात नोंद ठेवणारी बाई. नणंदेनं कोणत्या लग्नात काय टोमणा मारला ते तिला तिथीसकट सांगता येई. नवऱ्याच्या बाबतीतही गेल्या दिवाळीपासून तिच्याकडे भरपूर नोंदी जमल्या होत्या आणि त्या सगळ्या चांगल्या होत्या. तो कणीक मळू लागला होता. डब्यांची झाकणं न सांगता उघडून ठेवायचा. तिच्या गळ्यातल्या साखळीचा फासा स्वतः लावायचा. ओले कपडे पिळायचा. सूर्यास्ताआधी जेवणं उरकायची म्हणजे संध्याकाळी तिची धांदल व्हायची, तर ताटं त्यानंच घ्यायला सुरुवात केली. चातुर्मासात महाराजांचं संसारावर प्रवचन झालं होतं, त्याचा हा गुण, असं तिनं मैत्रिणींना सांगितलं होतं. वर हेही की बाकीच्यांचे नवरेही तिथंच बसले होते, पण ऐकायला कान लागतात.

रिक्षा मार्केटच्या वळणावर येईपर्यंत त्यातली एकेक नोंद उलटी झाली होती. झाकणं तिच्यानं उघडत नव्हती. फासा तिला लागत नव्हता. दोन कप आणि काचेची बरणी फुटली ती साबणामुळे फुटली नव्हती. तो हे सगळं पाहत होता आणि तिच्या आधी पोचत होता.

सन्मती कामाच्या खोलीत एका जुन्या पेटीचा भाता काढून बसला होता. तिनं पर्समधून कळफलकाचा डावा अर्धा काढला आणि त्या पेटीवर ठेवला.

"कधीपासून?"

त्यानं कानस खाली ठेवली. काय विचारलंय, हे त्यानं विचारलं नाही. हेमांगीला पुढं कितीतरी दिवस हेच जास्त आठवत राहिलं.

"दिवाळीच्या आधी पंधरा दिवस," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं ते असं. कळा किती खाली जातात त्याची नोंद तो मधूनमधून बघायचा, आपलं काम नीट बसलंय ना म्हणून. डाव्या अर्ध्याच्या कळा पूर्ण दबेनाशा झाल्या होत्या. त्यानं त्या हलक्या केल्या. महिन्याभरात पुन्हा कमी दबल्या, पुन्हा हलक्या केल्या. मग अशी वेळ आली की आणखी हलकं करायला जागाच उरली नाही.

यात त्याला काही वावगं वाटलं नव्हतं, कारण त्याच्या धंद्यात असंच करतात. कीर्तनाला साथ करणारे एक म्हातारे वादक त्याच्या वडिलांकडे पेटी घेऊन आले होते. म्हणाले, एक पट्टी वाजत नाही. पट्टीला काही झालं नव्हतं. बोट गेलं होतं. वडिलांनी ती पट्टी उघडून खालची स्प्रिंग सैल केली आणि म्हणाले, पेटीच जड झाली होती, आता बघा. म्हातारे पुढं सहा वर्षं वाजवत राहिले. वाजवणाऱ्याला त्याचं बोट गेल्याचं सांगायचं नसतं, पेटी जड झाली होती म्हणायचं. सन्मतीनं हे वडिलांच्या हाताखाली सूर लावण्याच्याही आधी शिकून घेतलं होतं.

आताच्या पेट्यांत यासाठी एक चिप मिळते. तिला 'साथ' म्हणतात. वादकाचं जुनं वादन तिला ऐकवायचं, मग बोट नुसतं थरथरलं तरी कोणता सूर हवा होता ते ओळखून ती तो पूर्ण करते. खात्री नसेल तिथं गप्प बसते. सन्मतीनं ती, टकटक आवाज काढणाऱ्या एका बारीक भागासकट, डाव्या अर्ध्यात बसवली आणि हेमांगीचं पाच वर्षांचं टायपिंग तिला दिलं. साथ सगळं शिकली. उजव्या हाताकडून शब्द ओळखायला शिकली, दुपारी मंदावायला शिकली, आणि थबकायलाही शिकली. दिवाळीपासून आषाढापर्यंत हेमांगीनं तीनशे अकरा दस्त केले. प्रत्येकाचा लयठसा पहिल्या प्रतीचा निघाला. निरर्थक उताऱ्यात मात्र ओळखण्यासारखं काही नव्हतं, म्हणून साथ गप्प बसली.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू टाइप करत होतीस. खूश होतीस."

"मी टाइप करत नव्हते," हेमांगी म्हणाली.

*

स्वतःचा हात चालत नाही हे माणसाला आठ महिने कळत कसं नाही, हा प्रश्न तिनं डॉक्टरांना विचारला. डॉक्टर म्हणाले, मेंदू हाताची खबर हाताकडून जेवढी घेतो त्याहून जास्त डोळ्यांकडून आणि कानांकडून घेतो. हुकूम सुटला, कानाला टकटक ऐकू आली, डोळ्यांना अक्षर दिसलं, की काम मीच केलं असं तो धरून चालतो. चांगला टाइप करणारा तर बोटांकडे बघतच नाही, त्यामुळे तो अधिक लवकर फसतो.

रोग मनगटात नव्हताच, मानेत होता. मणक्यांच्या मध्ये मज्जारज्जू चेपला होता. दुखणं थांबलं होतं ते कळफलकामुळे नव्हे. दुखणं पोचवणारी वाटच बंद पडत चालली होती. हेमांगीला ब्राह्मणपुरीपासून स्टेशनापर्यंतची सगळी माणसं आठवली.

डॉक्टरांनी विचारलं, हाताची ताकद नक्की कधीपासून कमी होत गेली, काही अंदाज आहे का. सन्मतीनं फोन पुढं केला. बोटागणिक, दिवसागणिक, कळ किती मिलिमीटर दबली त्याचा आलेख. डॉक्टर पुढं झुकले. तो खाली-वर सरकवत बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, एवढी बारीक नोंद आम्हाला पेशंट भरती करूनसुद्धा मिळत नाही. कमाल आहे. मग पहिल्या महिन्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथं आला असतात तर…" आणि समोर बसलेल्या माणसाचा चेहरा पाहून त्यांनी ते वाक्य तिथंच सोडलं.

ऑपरेशननं पुढचं नुकसान थांबणार होतं. गेलेलं किती परत येईल ते सांगता येत नव्हतं. तारीख दोन आठवड्यांनंतरची मिळाली.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर सन्मती थांबला, हात जोडले आणि जैनांच्या पर्वात म्हणतात तसं म्हणाला, उत्तम क्षमा.

"ती भाद्रपदात मागतात," हेमांगी म्हणाली. "अजून अवकाश आहे."

*

फिरदौसनं अहवालात 'उपकरणात बिघाड' एवढंच लिहून आठ दिवसांनी फेरतपासणी ठेवली होती. दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्या दिवशी सन्मती चाचरत म्हणाला की फेरतपासणीपुरता एक उपाय आहे. उजव्या अर्ध्याच्या कडेला तिळाएवढा कॅमेरा बसवता येतो. तो समोरचा कागद वाचून साथीला सांगेल, मग उतारा निरर्थक असला तरी चालेल. झाल्या गोष्टीची भरपाई त्याला आणखी एक गोष्ट दुरुस्त करूनच करता येत होती.

हेमांगीनं किती दिवस लागतील ते विचारलं. तो म्हणाला, दोन.

"करा," ती म्हणाली.

यात तिला दोष देणाऱ्यानं दारावरची पाटी आधी स्वतःच्या हातानं काढून पाहावी. सनद गेली म्हणजे तीनशे अकरा दस्त उघडणार. घेणारे, देणारे, साक्षीदार, सगळ्यांना पुन्हा बोलावून दुसऱ्या कुणाच्या टेबलावर बसवायचं. तो दुसरा कोण, हे तर गावाला ठाऊकच होतं. आणि मगदूम वहिनींनी यंत्राकडून लिहून घेतलं, हे वाक्य तिच्या आधी प्रत्येक घरी पोचणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कळफलक आणून जोडला. निरर्थक उताऱ्याचा एक कागद समोर लावला. हेमांगी बसली, डावा हात मांडीवरच ठेवला आणि उजव्या हातानं टाइप करायला लागली. 'कीबे तागु रोपी' पूर्ण, बिनचूक उमटत गेलं. डावा अर्धा आपला टकटकत होता.

दुसऱ्या पानावर ती थोडी दमली आणि तिला ती थबक ऐकू आली. जोडाक्षराच्या आधी अर्धा क्षण थांबणं, मग दोन अक्षरं घाईनं. टायपिंगच्या क्लासात बाई तिच्यावर ओरडायच्या ती तीच खोड, तीस वर्षांपूर्वीची. तिचा हात मांडीवर होता आणि ती खोड टेबलावर होती. उजवा हात मध्येच काढून घेतला तर हे एकटंच चालू राहील का, असं मनात आलं. तिनं उजवा हात उचलला. कॅमेरा कागद वाचतच होता. डाव्या अर्ध्यानं कागदावरचा पुढचा काना दिला, मात्रा दिली, जिथं ती थबकली असती तिथं थबकला आणि पुढं गेला. ती पलंगावर पडून असली, अगदी जगात नसली, तरी हे असंच, इथंच थबकलं असतं आणि पहिल्या प्रतीचं ठरलं असतं.

तिनं वायर उपटली. सन्मती दारात उभा होता.

"ती चिप काढा," ती म्हणाली. "कॅमेराही. आणि कळा जशा पहिल्या दिवशी होत्या तशा करा."

त्याला म्हणायचं होतं की तशा कळा तुला आता दाबता यायच्या नाहीत. पण आयुष्यात पहिल्यांदाच जे म्हणायला हवं ते म्हणायची वेळ आली होती, आणि ते हेमांगीला आधीच ठाऊक होतं. तो पेचकस शोधायला लागला.

*

फेरतपासणीला ती एकटीच होती. दहा मिनिटं पूर्ण लागली, उतारा अर्धाही झाला नाही. झाकण निघालं तेव्हा पडद्यावर पुन्हा तीच उघडी अक्षरं होती, 'कब तग रप हल'. फक्त मध्ये कुठं कुठं, अपघातानं वाचल्यासारखं, एखादं चिन्ह. फिरदौसनं मोजली. पानात अकरा मात्रा.

यंत्रानं निकाल दिला. 'टंकन मानवी. नोंदीतील लयठशाशी जुळत नाही.'

फिरदौसनं तो दोनदा वाचला. मग आवाज खाली आणून म्हणाली की काकू, आठ दिवसांपूर्वी मी 'बिघाड' लिहिलंय, ते तसंच ठेवता येईल. आजारपणाची रजा दाखवू. जुने दस्त कुणी विचारणार नाही.

"बिघाड उपकरणात नव्हता," हेमांगी म्हणाली. "तसं लिही. दिवाळीपासून लिही. मी सांगते, तू टाइप कर."

तीनशे अकरा नोटिसा गेल्या. ऑपरेशनपर्यंतच्या दिवसांत हेमांगी आणि सन्मती जमतील तेवढ्या घरी स्वतः गेली. काहींनी पाणी दिलं. काहींनी दारातूनच ऐकून घेतलं. एका गृहस्थांनी फार समंजसपणे म्हटलं, वहिनी, तुमच्या हातचं म्हणून दिलं होतं हो तुम्हाला. प्रत्येक घरी कोण बोललं, कसं बोललं, याची हेमांगीनं नेहमीप्रमाणे मनात नोंद ठेवली. पण घरी आल्यावर ती कुणाबद्दल काही म्हणाली नाही, आणि सन्मतीला तेच जड गेलं.

ऑपरेशन झालं. दीड महिन्यानं, मानेला पट्टा लावलेली हेमांगी कामाच्या खोलीत आली आणि म्हणाली की डॉक्टरांनी बोटांना व्यायाम सांगितलाय, चेंडू दाबत बसायला सांगतात. चेंडू दाबून काय उमटतं? डाव्या अर्ध्याच्या कळा जड करा. होत्या त्याहून जड. दर आठवड्याला थोड्या थोड्या.

तीन पिढ्यांत त्या घरात कुणी कुठली पट्टी जड केलेली नव्हती. सन्मतीनं कळा एकेक करून उपसल्या, खाली दुप्पट ताकदीच्या स्प्रिंगा घातल्या आणि अर्धा तिच्यासमोर ठेवला. शेजारी फिरदौसच्या परीक्षेचा कागद होता आणि पडद्यावर 'कीबे तागु'मधला पहिला निव्वळ 'क'.

हेमांगीनं करंगळीशेजारचं बोट कळेवर ठेवलं. बोटाकडे बघत दाबलं. कळ हलली नाही. पुन्हा. कपाळावर घाम आला. सन्मती पुढं सरकला आणि मागं झाला. पाचव्या की सहाव्या खेपेला कळ सावकाश खाली गेली, टक् झालं, आणि 'क' चा 'के' झाला. हवी होती वेलांटी, आली मात्रा.

हेमांगीनं पडद्याकडे पाहिलं. मग वळून नवऱ्याकडे पाहिलं.

सन्मतीनं दोन्ही हात वर केले. एका हातात कानस होती.

तिनं तरीही डावा अर्धा उचलून उलटा केला. चिपच्या जागी चौकोनी खाच रिकामी होती, आत थोडासा प्लास्टिकचा भुसा. तिनं तो फुंकर मारून उडवला, अर्धा पुन्हा नीट ठेवला आणि मात्रा खोडून वेलांटीची कळ शोधायला लागली.